तांबेऱ्याला न भिणारी कॉफी

तांबेरा म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही. गव्हाच्या पानावरून बोट फिरवले आणि बोटाला तांबूस पूड लागली, की ज्याच्या मनात चर्र होत नाही असा शेतकरी आमच्या बेळगावच्या बाजूला विरळाच. सोयाबीनची लागवड वाढल्यापासून तर ह्या रोगाची ओळख अधिकच घट्ट झाली आहे. परंतु कॉफीलाही तांबेरा होतो, आणि त्याने एके काळी एका अख्ख्या बेटावरील कॉफीचे मळे मोडून तेथे चहा लावावयास भाग पाडले, ही हकिकत सर्वांस ठाऊक असेलच असे नाही. गेल्या जानेवारीत चिकमगळूरच्या डोंगरांत आठ दिवस राहण्याचा योग आला. तेव्हा जे पाहिले, ऐकले आणि (हे महत्त्वाचे) चाखले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तीन राजांचा सण आटोपल्यावर आम्ही निघालो. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी त्या जिल्ह्यात एका लहानशा धर्मग्रामाची सेवा करतात. त्यांचे निमंत्रण कित्येक वर्षे पडून होते. हुबळीवरून बंगळूरकडे जाणाऱ्या गाडीने कडूर स्टेशनावर उतरावयाचे आणि तेथून चिकमगळूरची मोटार धरावयाची. अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास. कडूरला नारळीची झाडे आणि कोरडी, पांढुरकी जमीन दिसते. मग हळूहळू उजव्या हाताला बाबा बुडणगिरीची रांग वर चढू लागते. मुळ्ळयनगिरी हे कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर ह्याच रांगेत आहे. त्याची उंची सुमारे १,९३० मीटर. सतराव्या शतकात बाबा बुडण नावाच्या सूफी साधूने हजच्या यात्रेवरून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि ह्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. बिया सातच होत्या का, हे कोण सांगणार? पण भारतातील कॉफीची मुळे ह्या डोंगरात आहेत, हे मात्र सर्वजण मान्य करतात.

चिकमगळूर सोडून आल्दूरच्या पुढे बाळेहोन्नूरच्या रस्त्याला लागले, की दोन्ही बाजूंना अरण्य सुरू झाले असे वाटते. ते अरण्य नव्हे; ते कॉफीचे मळे होत. आपल्याकडे मळा म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे मोकळी, उन्हात न्हाणारी जमीन येते. येथे कॉफी सावलीत वाढते. अगदी वर सिल्व्हर ओकचे सरळ सोट, त्यांवर चढलेल्या मिऱ्याच्या वेली, मध्ये फणस, त्याखाली पांगारा, आणि सर्वांच्या पायाशी माणसाच्या खांद्याएवढी छाटून ठेवलेली कॉफीची झुडपे. झुडपांत लाल फळे लुकलुकत होती. तोडणीचा हंगाम सरत आला होता आणि बायका कमरेला पिशव्या बांधून अखेरची फळे वेचीत होत्या.

आमचे स्नेही आम्हाला ज्या कुटुंबाकडे घेऊन गेले ते मूळचे मंगळूरकडील. घरात कोंकणी बोलतात. त्यामुळे आमचे मराठी त्यांना आणि त्यांचे बोलणे आम्हाला बिनबोभाट समजले. नऊ एकर जमीन, हजार मीटरांच्या आसपासची उंची, आणि जमिनीच्या तळाला एक बारमाही ओढा. घरधनी सत्तरी ओलांडलेले. त्यांचा धाकटा मुलगा आखातातील नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी घरी आला आहे. आम्ही गेलो त्या दिवशी ह्या बापलेकांत जो विषय निघाला तो पुढे आठही दिवस निघत राहिला. मळ्यात जी झुडपे आहेत ती घरधन्यांच्या वडिलांनी १९६० च्या दशकात लावलेली, ‘एस. ७९५’ ह्या जातीची. मुलाचे म्हणणे, ही जात आता थकली. ओढ्याकाठच्या झाडांची पाने दर पावसाळ्यानंतर गळतात. दोन वेळा मोरचूद-चुन्याची फवारणी करूनही भागत नाही, आणि फवारणीला माणसे मिळत नाहीत. ती उपटून ‘चंद्रगिरी’ लावावी. वडिलांचे म्हणणे एवढेच, की चंद्रगिरीला त्यांच्या कॉफीची चव नाही.

“फादर, तुम्हीच सांगा,” ते आम्हाला म्हणाले, “झाड टिकले आणि पेला गेला, तर काय टिकले?”

मुलगा हळूच म्हणाला, “पप्पा, आणखी दोन वर्षे अशीच पानगळ झाली तर मला पुन्हा विमानाचे तिकीट काढावे लागेल. मग हा पेला पिणार कोण?”

दोघांच्याही बोलण्यात खोट नव्हती. म्हणून आम्ही ह्या प्रकरणाच्या मुळाशी जाण्याचे ठरविले. बाळेहोन्नूर जवळच होते, आणि आमच्या स्नेह्यांच्या कपाटात कॉफीवरील पुस्तकेही पुष्कळ होती.

कॉफीचा तांबेरा ही एक बुरशी. १८६९ साली बर्कले ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने सिलोनहून आलेल्या पानांवरून तिचे वर्णन केले आणि तिला हेमिलेया व्हास्टाट्रिक्स असे नाव दिले. त्यातील दुसऱ्या शब्दात लॅटिनमधील ‘उजाड करणे’ हे क्रियापद आहे. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या कोणाही माणसाला त्या नावातील भीती तत्काळ कळावी. बुरशीची पूड पानाच्या खालच्या अंगावर पडते. पानावर पाणी असले की ती रुजते आणि पान ज्या सूक्ष्म छिद्रांनी श्वास घेते त्यांतून आत शिरते. काही आठवड्यांनी खालच्या अंगाला नारिंगी डाग उमटतात. पुढे पान गळते. फळ त्या वर्षी जेमतेम पिकते, परंतु पुढील वर्षी ज्या फांद्यांना फळ धरावयाचे त्या पानांविना उपाशी राहून वाळतात. म्हणजे ह्या वर्षीच्या रोगाची खरी किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागते. कर्जासारखाच हा प्रकार.

सिलोनमध्ये वीस वर्षांच्या आत कॉफीचा बाजार बसला आणि इंग्रज मळेवाल्यांनी चहा लावला. आज जग सिलोनला चहासाठी ओळखते, ते ह्या बुरशीमुळे. भारतातही रोग त्याच सुमारास आला. येथील जुनी ‘चिक’ नावाची जात खोडकिड्याने आणि तांबेऱ्याने खचली. तिच्या जागी ‘कूर्ग’ जात आली, आणि तीही तांबेऱ्यापुढे टिकली नाही. १९११ मध्ये म्हैसूर संस्थानातील केंट नावाच्या मळेवाल्याने आपल्या मळ्यातील निरोगी झाडे हेरून त्यांचे बी धरले. ती ‘केंट्स’ जात. तिचा पेला उत्तम, आणि तांबेरा तिला शिवत नसे. मळेवाल्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण काही वर्षांतच केंट्सच्या पानांखालीही नारिंगी पूड दिसू लागली.

असे का झाले, ह्याचा उलगडा बाळेहोन्नूरला झाला. भद्रा नदीकाठचे हे गाव. म्हैसूर सरकारने १९२५ साली तेथे कॉफीचे प्रयोगक्षेत्र सुरू केले. आज ती कॉफी बोर्डाची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे. विल्सन मेन हे तेथील शास्त्रज्ञ. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले, की तांबेऱ्याची बुरशी एकच नसून तिचे निरनिराळे वंश आहेत. एका वंशाची पूड कूर्ग जातीवर रुजते पण केंट्सवर रुजत नाही. दुसऱ्या वंशाची पूड दोहोंवर रुजते. झाड बदलले नव्हते, शत्रू बदलला होता. गोष्ट सांगावयास सोपी आहे, पण जगात कॉफीच्या बाबतीत ती प्रथम कोणी दाखविली असेल तर ह्या आडबाजूच्या डोंगरी गावाने. पोर्तुगालमधील ओयरास येथे १९५५ साली कॉफीच्या तांबेऱ्यासाठीच खास संशोधनकेंद्र निघाले, आणि तेथे आजवर पन्नासांहून अधिक वंश ओळखण्यात आले आहेत.

मेन ह्यांच्या शोधानंतर प्रश्न असा उभा राहिला, की झाडाला नवे बळ आणावयाचे कोठून? आपण पितो ती उंची कॉफी म्हणजे अरेबिका. तिचा सुवास मोठा, पण प्रकृती नाजूक. तिच्या भावकीतील रोबस्टा आणि लायबेरिका ह्या जाती दणकट. रोबस्टाला तर तांबेऱ्याची फारशी पर्वा नसते. पण रोबस्टाचा पेला जड आणि कडू, आणि त्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. (आज भारतात पिकणाऱ्या कॉफीचा सुमारे सत्तर टक्के भाग रोबस्टाचा आहे, हे ऐकून घरधन्यांनी जी मुद्रा केली तिचे वर्णन न केलेले बरे.) दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळणे कठीण, कारण अरेबिकाच्या पेशीत गुणसूत्रे ४४ आणि ह्या दोघांत २२. तथापि निसर्ग कधी कधी आपल्या हाताने असे लग्न लावून देतो. अरेबिका आणि लायबेरिका ह्यांच्या अशा एका आपोआप झालेल्या संकरापासून बाळेहोन्नूरला एस. २८८ ही निवड मिळाली. तिचे बळ चांगले, पण दाणे सदोष. तिचा चवदार केंट्सशी संकर केला आणि १९४० च्या दशकात जी जात मळेवाल्यांच्या हाती पडली, तीच एस. ७९५.

तेव्हा घरधनी ज्या झाडाला ‘आमची अस्सल कॉफी’ म्हणून कवटाळतात, त्याच्या रक्तातही एक दणकट, बेचव आजोबा आहे! हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “असेल फादर, पण आजी कोण होती ते पाहा.” हे उत्तर वाटते त्याहून अधिक शास्त्रशुद्ध होते.

आता चंद्रगिरीचे गोत्र. त्यासाठी वाचकांना समुद्र ओलांडून तिमोर बेटावर यावे लागेल. आमच्या गोमंतकीय वाचकांना ते नाव परके नसावे. १८४४ पर्यंत पोर्तुगीजांचा तिमोरमधील कारभार गोव्याच्याच अखत्यारीत होता. बेटाचा पूर्व भाग आज स्वतंत्र देश असून तेथील बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक आहे, आणि त्यांचे मुख्य निर्यातीचे पीक कॉफीच. ह्या बेटावरील एका मळ्यात १९२७ साली एक अरेबिकासारखे दिसणारे झाड आढळले. भोवतालच्या झाडांना तांबेरा लागला, ह्याला लागला नाही. अरेबिका आणि रोबस्टा ह्यांचा तो आपसूक झालेला संकर होता, आणि नवल असे की त्याची गुणसूत्रे अरेबिकाइतकीच ४४ भरली. त्यामुळे अरेबिकाच्या कोणत्याही जातीशी त्याचा संकर सहज करता येऊ लागला. कोणी योजिले नाही, कोणी कलम केले नाही. वारा किंवा मधमाशी ह्यांचे काम. त्या झाडाचे वंशज १९५० च्या दशकात ओयरासला पोहोचले, आणि तेथून जगभर.

बुटक्या ‘कतुर्रा’ जातीशी तिमोरचा संकर केला तो कातिमोर. ‘व्हिया सार्ची’ नावाच्या बुटक्या जातीशी केला तो सार्चिमोर. कातिमोर भारतात १९८० च्या दशकात ‘कावेरी’ ह्या नावाने आला. आरंभी भरभरून पिकला. पण खोडकिडा त्याला फार, आणि तांबेऱ्याविरुद्धचे बळही पुढे ढिले पडले. तो अनुभव जुन्या मळेवाल्यांच्या मनात अजून सलतो. चंद्रगिरी ही सार्चिमोरची निवड, २००७ मध्ये बाळेहोन्नूरहून दिलेली. झुडूप बुटके, पाने गर्द आणि जाड, दाणा टपोरा. तांबेऱ्यापुढे ती आजवर बऱ्यापैकी उभी आहे.

राहिली चव. वडिलांचा आक्षेप येथेच होता, आणि तो त्यांच्या एकट्याचा नव्हे. तिमोरच्या वंशातील कॉफीत रोबस्टाचा कडवटपणा डोकावतो, घोट गिळल्यावर जिभेवर तुरटपणा राहतो, असे मोठमोठे पारखी म्हणत आले आहेत. कोलंबियात तर ह्यावरून मोठा वाद झाला. २००८ ते २०११ ह्या काळात तेथे तांबेऱ्याने उत्पन्न सुमारे तिसऱ्या हिश्शाने घसरले. तेथील कॉफी-उत्पादकांच्या महासंघाच्या संशोधकांनी तिमोरच्या वंशातील ‘कास्तियो’ जात लावण्याचा आग्रह धरला, आणि विकत घेणारे म्हणू लागले, की आम्हाला जुनी कतुर्राच हवी. मध्ये भरडला जात होता तो लहान शेतकरी. तेव्हा अमेरिकेतील बिशपांनी १९४३ साली स्थापिलेल्या कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस ह्या सेवासंस्थेने पुढाकार घेऊन नारिन्यो प्रांतातील शेतकऱ्यांची दोन्ही प्रकारची कॉफी पारख्यांकडून नाव न सांगता चाखविली. हे २०१४–१५ च्या सुमाराचे. दोहोंना गुण जवळजवळ सारखेच मिळाले; चवीचा रंग मात्र निराळा होता. धर्मादाय संस्थेने धान्य वाटावे, औषध वाटावे, हे आपल्या ओळखीचे. तिने कॉफीच्या चवीचा निवाडा करवावा, ह्याचे आम्हाला प्रथम हसू आले. मग लक्षात आले, की त्या शेतकऱ्यांची भाकरी त्या चवीवरच अवलंबून होती.

असाच प्रयोग घरी करून पाहावा अशी कल्पना आमच्या स्नेह्यांनी काढली, आणि सूनबाईंनी ती उचलून धरली. त्यांनी चार वाडगे मांडले, प्रत्येकाच्या बुडाशी खडूने खूण केली आणि कोणत्या वाडग्यात काय आहे ते कोणालाही सांगितले नाही. कॉफी एकसारखी भाजलेली, जाडसर दळलेली. त्यावर कढत पाणी. दूध नाही, साखर नाही, चिकोरी तर नाहीच. चार मिनिटांनी वरचा फेस चमच्याने बाजूला सारावयाचा आणि घोट मोठ्याने ओढावयाचा. पारख्यांची रीतच अशी. घरातील मुलांना ती फार आवडली.

पहिला वाडगा रोबस्टाचा, हे आम्हालाही कळले. जड, कडू, भाजलेल्या धान्यासारखी चव. दुसऱ्या वाडग्याचा घोट घेताच घरधन्यांचा चेहरा उजळला: “ही माझी.” तीच निघाली. आंबटपणा अगदी सौम्य, तोंड भरून टाकणारा घोट, आणि मागाहून चॉकलेटाची आठवण करून देणारा सुवास. एस. ७९५ ची जी ख्याती पुस्तकात वाचली होती ती त्या वाडग्यात होती. तिसऱ्याचा घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडे केले. “ही तुझी चंद्रगिरी,” ते मुलाला म्हणाले, “घशात ओरखडा उठतो.” चौथ्याला ते म्हणाले, “ही बरी आहे. सुवास थोडा कमी, पण स्वच्छ.”

सूनबाईंनी वाडगे उलटे केले. चौथा चंद्रगिरीचा होता. वरच्या अंगाच्या एका नातेवाइकांच्या मळ्यातील. तिसरा वाडगा एस. ७९५ चाच होता, पण बाजारातून घेतलेला. कच्ची, अर्धी पिकली आणि पिकली फळे एकदम ओरबाडून तोडलेली, आणि ढिगात तापू दिलेली.

ह्यावर कोणी काही बोलले नाही. घरधनी उठून बाहेर सोप्यावर गेले.

कॉफीचे फळ तोडल्यावर काय काय होते ते आम्ही मग दोन दिवस पाहिले. संध्याकाळी फळे त्याच दिवशी यंत्रात घालून साल काढतात. मग बुळबुळीत दाणे टाक्यात एक दिवस-दीड दिवस आंबवितात, धुतात, आणि अंगणात पसरून दर तासाला हलवीत वाळवितात. दाण्यातील ओल दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत हे चालते. टाक्यात चार तास जास्त झाले तर दाण्याला आंबूस वास लागतो. एक कच्चे फळ मूठभर पिकल्या फळांची चव बिघडविते. ह्या कामात त्या घराचा हात इतका नेटका आहे, की कोणतीही जात त्यांच्या अंगणात सुखरूप वाळावी. आमच्या मते जातीने चवीला मर्यादा घालून दिलेली असते, पण त्या मर्यादेपर्यंत पोहोचणारे मळे थोडे, आणि जे पोहोचत नाहीत ते दोष झाडाला देतात. शिवाय तिमोरच्या वंशातही चांगली चव येऊ शकते. इथिओपियाच्या ताफारिकेला जातीशी तिमोरचा संकर करून बाळेहोन्नूरने जी नऊ क्रमांकाची निवड दिली, तिने २००२ मध्ये कॉफी बोर्डाच्या चवीच्या स्पर्धेत अरेबिकाची बक्षिसे मिळविली होती. ‘आजी कोण होती ते पाहा’ हे घरधन्यांचे बोलणे येथे खरे ठरते.

तरी मुलालाही आम्ही एक गोष्ट सांगितली. केंट्स टिकली नाही, एस. ७९५ ला पुढे नव्या वंशांनी गाठले. कावेरी ढिली पडली. चंद्रगिरी कायमची अजिंक्य राहील असे कोणी समजू नये. फवारणीचा पंप अडगळीत टाकण्याची वेळ अजून आलेली नाही, आणि सगळा मळा एकाच जातीचा करणे तर मुळीच शहाणपणाचे नव्हे.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी न्याहारीच्या वेळी घरधन्यांनी आपला निर्णय सांगितला. ओढ्याकाठचा दोन एकरांचा ओला पट्टा, जेथे पानगळ सर्वांत जास्त, तो मुलाचा. वरच्या अंगाला हात लावावयाचा नाही. आणि एक अट: चंद्रगिरीची फळे वेगळी तोडावयाची, वेगळ्या टाक्यात धुवावयाची, वेगळ्या पोत्यात भरावयाची, दोन्हींचे मिश्रण ह्या घरात होणार नाही. मुलाने मान हलविली. तो बहुधा ह्याहून अधिक जमीन मागणार होता, असे आम्हाला वाटले. पण त्याने मागितली नाही.

घरामागे, भाताच्या पेंढ्याने झाकलेल्या एका वाफ्यावर त्याने डिसेंबरातच बी पेरून ठेवले होते. वडिलांना न विचारता, हे उघड होते. आणि वडिलांनी ते आधीच पाहिले होते, हेही उघड होते. पेंढा बाजूला करून त्याने आम्हाला मोड दाखविले: सरळ, पांढुरके देठ आणि प्रत्येकाच्या डोक्यावर अजून न गळलेला दाणा. ह्या अवस्थेला मळेवाले ‘टोपी’ म्हणतात. फेब्रुवारीत ती रोपे पिशव्यांत जातील, पावसाळ्यात ओढ्याकाठी. पहिले फळ धरावयास तेथून तीन वर्षे.